खोदयंत्राची मोडतोड आणि मालकाची जबाबदारी

सुगी आटोपली, गहूं-हरभरा घरांत आला आणि शिवार मोकळें झालें, कीं मातीकामाचे दिवस सुरू होतात. चर काढावयाचे, बांध नीट करावयाचे, शेततळें खोदावयाचें, विहिरीच्या तोंडाशीं पडलेली माती हलवावयाची, हीं सर्व कामें मृगापूर्वीं उरकावीं लागतात. पूर्वीं या कामास टिकाव, फावडें, घमेलें आणि गांवांतील माणसांचे हात लागत. आतां बहुतेक ठिकाणीं तें काम ट्रॅक्टराच्या मागें बसविलेलें खोदयंत्र करितें. इंग्रजींत यास बॅकहो म्हणतात. आपल्या खेड्यापाड्यांतून मात्र तें कोणत्याहि कारखान्याचें असो, ‘जेसीबी’ या एकाच नांवानें ओळखलें जातें. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढली, तेव्हांपासून तर या यंत्राची ओळख अगदीं आडगांवच्या शेतकऱ्यासहि झाली आहे. हें यंत्र आपल्या फार उपयोगाचें आहे याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु तें ज्या रीतीनें चालविलें जातें ती पाहून आम्हांस पुष्कळदां खेद होतो, व आज त्याविषयींच चार शब्द स्पष्टपणें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या उन्हाळ्यांतली गोष्ट. कृष्णाकांठच्या एका गांवीं चोपण झालेल्या जमिनींतील पाणी काढून देण्यासाठीं चर खोदण्याचें काम चाललें होतें. आम्ही सहज तेथें गेलों होतों. चराचा एक तुकडा खोदून झाला होता व कांठावरची माती सारखी करावयाची होती. चालकानें बकेट जमिनीस टेकविली, आणि यंत्राचा हात डावीकडून उजवीकडे फिरवून, अंगण झाडावें तशी ती माती ढकलण्यास आरंभ केला. यंत्र तासाच्या भाड्यानें आणलेलें होतें. म्हणून शेताचे मालक बांधावर उभे राहून ‘उरका, उरका’ असा तगादा लावीत होते. चौथ्या-पांचव्या फेऱ्यास मातींत दडलेला धोंडा आडवा आला, कर्कश आवाज झाला, आणि ज्या पिनेवर तो हात फिरतो तिच्या बाजूचा पोलादी कान चिरला. यंत्र जागच्या जागीं अडून पडलें. कारागीर मिळून सांधणी होईपर्यंत आठ-दहा दिवस गेले. तोंवर वळवाची सर येऊन गेली आणि अर्धवट चराचे कांठ ढांसळले. जो तो चालकास दोष देऊं लागला. आम्हांस मात्र वाटलें, चालकानें जें हातानें केलें तेंच मालकानें जिभेनें केलें होतें. मग दोष एकट्या चालकाचा कसा?

हें यंत्र मुळांत शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरावर आलेला पाहुणा आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत हबर्डस्टन म्हणून गांव आहे. तेथील वेन-रॉय नांवाच्या मंडळीनें १९४७ सालीं तेलाच्या दाबावर चालणारा खोदण्याचा हात तयार करून पाहिला, आणि १९४८ सालीं फोर्ड ८-एन या शेतकीच्या ट्रॅक्टरावर बसवून तो विकला. पुढें १९५७ सालीं केस कंपनीनें ट्रॅक्टर, पुढचें खोरें व मागचा हात हीं तिन्ही एकाच कारखान्यांत जुळवून एकसंध यंत्र बाजारांत आणलें. आज आपल्या रस्त्यांवर दिसणारीं पिंवळीं यंत्रें त्याच कुळांतलीं होत. तीं भक्कम सांगाड्यावर उभारलेलीं असतात. परंतु आपल्यापैकीं कांहीं जणांनीं घरच्या ट्रॅक्टरास मागून जोडावयाचा सुटा हात घेतला आहे, व कांहीं घेण्याच्या विचारांत आहेत. त्यांनीं विशेष सावध असलें पाहिजे.

शेतकीच्या ट्रॅक्टरास बहुधा निराळा सांगाडा नसतो. एंजिन, क्लचची पेटी, गिअरची पेटी आणि मागल्या आंसाचें घर, असे बिडाचे भाग एकामागें एक बोल्टांनीं जोडून त्याचें अंग बनलेलें असतें. हें अंग ओढण्यासाठीं केलेलें आहे, शेपटीकडून पिरगळून घेण्यासाठीं नव्हे. नांगर उचलण्याच्या तीन टोकांवरच जर खोदण्याचा हात टांगला, तर खोदतांना येणारा सारा जोर त्या तीन टोकांवाटे मागल्या पेटीवर येऊन आदळतो. बीड वांकत नाहीं, तें तडकतें. असा ट्रॅक्टर मधोमध दुभंगल्याचीं उदाहरणें घडलेलीं आहेत. शिवाय टांगलेला हात खोदण्याच्या जोरानें वर उलटून, चालक ट्रॅक्टर व यंत्र यांच्यामध्यें चेंगरला जाण्याचें भय असतें, तें वेगळेंच. यासाठीं त्या त्या जातीच्या ट्रॅक्टराकरितां मुद्दाम बनविलेली, पोटाखालून पुढच्या बाजूपर्यंत गेलेली पोलादी चौकट मिळत असेल, तरच सुटा हात घ्यावा. चौकटीचे पैसे वांचविणारा गृहस्थ ट्रॅक्टराचें कवच गहाण ठेवतो, असें आम्ही समजतों.

आतां चालविण्याच्या रीतीकडे वळूं. खोदण्यापूर्वीं यंत्र उभें कसें करावें यांतच निम्मी विद्या आहे. मागचे दोन पाय, ज्यांस चालक लोक जॅक म्हणतात, ते खालीं टेकवून मागल्या चाकांवरील भार निघेल इतकेंच यंत्र उचलावें व पुढचें खोरें जमिनीवर ठेवावें. उंच उचलल्यानें कांहीं अधिक खोदलें जात नाहीं. यंत्र मात्र डगमगतें. काळ्या भुसभुशीत जमिनींत जॅकच्या पायाखालीं जाड फळी घालावी, नाहीं तर एक पाय रुततो, यंत्र कलतें, आणि मग प्रत्येक बकेटीबरोबर सारा सांगाडा पिळवटला जातो. जॅकच्या अगदीं पायथ्याशीं खोदूं नये. उतारावर काम असेल तर माती चढाच्या अंगास टाकावी. भरलेला हात उताराच्या बाजूस फिरविणें म्हणजे यंत्रास कलंडण्याचें आमंत्रण देणें होय. खोदतांना जॅक उचलले जाऊं लागले किंवा यंत्र चराकडे घसरूं लागलें, तर घांस फार मोठा घेतला आहे असें समजून तो कमी करावा.

यंत्राचा हात माणसाच्या हातासारखाच आहे. त्यास खांदा आहे, कोपर आहे, मनगट आहे. तो पुढें पसरून आपल्याकडे ओढण्यासाठीं घडविलेला असून त्याची सारी ताकद त्या एकाच रेषेंत आहे. बाजूनें पाहिलें असतां तो उंच व भरदार दिसतो. वरून पाहिलें तर अरुंद दिसतो. त्याच्या बांध्यावरूनच कळतें कीं, आडव्या दिशेनें जोर घेण्याची त्याची शक्ति थोडी आहे. बकेटीच्या कुशीनें माती ढकलणें, चराच्या भिंतीवर बकेट आडवी आपटणें, हात जमिनींत रोवून यंत्र बाजूस सरकविणें, बाभळीचा बुंधा बाजूनें रेटणें, या सर्व क्रियांनीं पिना झिजतात, पिनांचीं भोंकें लांबट होतात, आणि शेवटीं कान चिरतात. भोंक एकदां लांबट झालें म्हणजे नवी पिन घालून भागत नाहीं; तें भरून पुन्हां गोल कापून घ्यावें लागतें, व तें काम प्रत्येक गांवीं होत नाहीं. माती पसरावयाची असेल तर पुढच्या खोऱ्यानें पसरावी. बुंधा काढावयाचा असेल तर प्रथम सभोंवारची माती काढून मुळ्या तोडाव्या व मग तो सरळ आपल्याकडे ओढावा. हात खालीं रोवलेला असतांना ट्रॅक्टर गिअरमध्यें घालून चाकांच्या जोरानें ओढूं नये; तो जोर घेण्यास हा हात बनविलेला नाहीं.

हात फिरवितांना होणारा धक्का हेंहि मोडतोडीचें मोठें कारण आहे. मोठ्या यंत्राच्या बकेटीमध्यें सुमारें पाव घनमीटर माती मावते. तिचें वजन चार क्विंटलांच्या आसपास जातें. एवढें ओझें लांब हाताच्या टोकाशीं धरून चालक तें वेगानें फिरवितो, व शेवटच्या अटकावावर जाऊन आदळूं देतो. वेग दुप्पट झाला म्हणजे धक्क्याचा जोर दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. कुशल चालक अटकाव येण्यापूर्वींच लीव्हर हळूहळू मधल्या जागीं आणतो, आणि ओझें झोपाळ्यासारखें अलगद थांबवितो. बघणारास तो सावकाश काम करितो असें वाटतें. पण घड्याळ लावून पाहिलें तर दिवसअखेर त्याचाच चर अधिक लांब भरतो, कारण त्याची एकहि क्रिया वांया जात नाहीं.

खोदणें म्हणजे टोंचणें नव्हे, तासणें होय. बकेट उभी धरून जमिनींत खुपसली तर दांत अडतात व यंत्र उचलतें. बकेटीचा तळ कापावयाच्या थराशीं जवळजवळ समांतर ठेवून, वीतभर जाडीचा लांब थर कोपराच्या जोरानें आपल्याकडे ओढावा, आणि बकेट भरत आल्यावर मनगट वळवून ती मिटावी. आमच्या शेतकरी बंधूंस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. नांगराचा फाळ किती खोल लावावा हें जो जाणतो, त्यास याचेंहि मर्म तत्काळ कळेल.

दुसरी एक खूण कानानें ओळखावयाची आहे. सिलिंडराचा दांडा टोकापर्यंत गेला, किंवा बकेट हलेनाशी झाली, तरी चालक लीव्हर दाबून धरितो. त्या वेळीं तेलास जाण्यास वाट उरत नाहीं व तें दाब सोडणाऱ्या झडपेवाटे मागें पळतें. तेव्हां एंजिनाचा सूर बसतो आणि किंचाळल्यासारखा आवाज येतो. हा आवाज म्हणजे यंत्राची तक्रार आहे. त्या क्षणीं काम कांहींच होत नसतें; डिझेल जळतें आणि तेल तापतें. तेलाची उष्णता ८० अंश सेंटिग्रेडच्या वर गेली, कीं तेल पातळ होतें, रबरी कडीं कडक होऊन चिरूं लागतात, आणि मग गळती सुरू होते. बैल लंगडूं लागला तर आपण गाडी थांबवून त्याचा खूर पाहतों. यंत्र ओरडत असतां मात्र आपण ‘आणखी जोर लाव’ म्हणतों, ही मोठी विसंगति आहे.

आपल्याकडील जमिनींच्या दोन गोष्टी येथें मुद्दाम सांगितल्या पाहिजेत. पहिली काळ्या चिकण मातीची. ही माती ओली असतां बकेटीस चिकटून राहते, आणि ती पाडण्यासाठीं चालक बकेट झटक्यासरशीं उघडून टोकाच्या अटकावावर पुन्हां पुन्हां आपटतो. दिवसांत शंभर वेळां ही आपटणी झाली म्हणजे मनगटाच्या पिना व तेथील जोडपट्ट्या किती दिवस टिकणार? शक्य तों जमीन वाफशावर असतांनाच खोदकाम करावें. माती चिकटलीच तर टोकापर्यंत न जातां मधल्या मध्येंच बकेट हलकेंच मागेंपुढें हालवावी. तेवढ्यानें न सुटल्यास बकेट जमिनीवर टेकवून, एंजिन बंद करून फावड्यानें खरवडावी. दुसरी गोष्ट मुरुमाची व खडकाची. कठीण थर लागला कीं बकेट उचलून घणासारखी हाणण्याची वाईट चाल सर्वत्र आहे. बकेट हा घण नव्हे. मुरुमाचा थर जेथें उघडा पडला असेल त्या कडेखालीं दांत घालून तो उपटत यावें. वरून ठोकूं नये. खडकच लागला तर फोडण्याचें निराळें हत्यार लावावें, अथवा चराची रेषा बदलतां येते काय हें पाहावें. झिजलेले दांत वेळच्या वेळीं बदलावे. दांतांची बचत करणारास पुढें बकेटीचा ओठ बदलावा लागतो.

निगेविषयीं थोडक्यांत सांगतों. प्रत्येक पिनेस दर आठ-दहा तासांनीं ग्रीस द्यावें. देण्यापूर्वीं त्याचें तोंड फडक्यानें पुसावें, नाहीं तर ग्रीसाबरोबर वाळूच आंत जाते. हायड्रॉलिक तेल भरतांना तर याहून अधिक स्वच्छता पाळावी. पंपाच्या व झडपांच्या आंतील फटी केसाहूनहि बारीक असतात. जी धूळ डोळ्यास दिसत नाहीं तीच त्यांस खाते. सकाळीं एंजिन सुरू केल्यावर चार-पांच मिनिटें हात रिकामाच हलवून तेल फिरूं द्यावें. एका शेतांतून दुसऱ्या शेतांत जातांना हात मिटून त्याची अटकावणी लावावी. चालकानें खालीं उतरण्यापूर्वीं बकेट जमिनीवर टेकवावी. आणि एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची: तेल कोठें गळतें हें कधींहि हातानें चांचपून पाहूं नये. आंत दर चौरस सेंटिमीटरास दीडशे किलो व त्याहूनहि अधिक दाब असतो. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून निघालेली धार कातडी भेदून आंत शिरते. वरून टाचणी टोंचल्याएवढीच खूण दिसते, दुखतहि नाहीं. पण रोग्यास तत्काळ शस्त्रवैद्याकडे नेलें नाहीं, तर बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढें धरून गळती शोधावी.

इतकें वाचून कोणी म्हणेल कीं, हें सारें चालकास सांगा, आम्हांस कशाला? आमचें म्हणणें नेमकें हेंच आहे कीं, हें मालकासच प्रथम सांगितलें पाहिजे. आपण यंत्र तासावर भाड्यानें आणतों. तास चालू झाला कीं भाडें देणारास प्रत्येक क्षण महाग वाटतो, आणि यंत्र दुसऱ्याचें असल्यामुळें त्याच्या झिजेची फिकीर त्यास नसते. चालक बहुधा पगारी तरुण असतो. कोणा दुसऱ्या चालकाच्या शेजारीं बसून तो जें शिकला तेंच करितो. शेतमालकाचा तगादा त्यास मोडवत नाहीं, आणि यंत्राचा धनी तर त्या वेळीं तेथें हजरच नसतो. तात्पर्य, घाईचा लाभ एकाचा, मोडतोडीचा खर्च दुसऱ्याचा, आणि दोष तिसऱ्याचा, अशी ही व्यवस्था आहे. अशा व्यवस्थेंत कितीहि चांगला चालक ठेवला तरी तो बिघडणारच.

यास उपाय आहे. जेथें जेथें शक्य असेल तेथें खोदकाम तासावर न देतां ब्रासावर द्यावें. शंभर घनफुटांचा एक ब्रास हें माप आपल्या गवंड्यास व मुकादमास ठाऊक आहे. चराची लांबी, रुंदी व खोली मोजली कीं हिशेब होतो. माती, मुरूम व खडक यांचे दर आधींच वेगवेगळे ठरवून ठेवावे, म्हणजे खडक लागल्यावर भांडण होणार नाहीं. असें केल्यानें किती जोरानें व किती सावकाश खोदावें हें यंत्राचा धनीच ठरवील. घाईचा नफा व मोडतोडीचा तोटा हीं दोन्ही एकाच घरच्या वहींत पडतील, आणि मग शहाणपण आपोआप येईल. बुंधे काढणें, माती पसरणें अशीं जीं किरकोळ कामें मोजतां येत नाहींत, तेवढींच तासावर ठेवावीं. व त्या वेळींहि शेतमालकानें चालकास काय करावयाचें तें सांगावें, कसें करावयाचें तें सांगूं नये.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. लहान शेतकरी म्हणेल, ‘मापावर काम दिलें तर यंत्रवाला जादा दर सांगेल.’ प्रारंभीं तसें होईलहि. परंतु आज तासाच्या भाड्यांत मोडतोडीचा खर्च मिळविलेला नसतो असें कोणी समजूं नये. शेजाऱ्याच्या शेतांत जो कान चिरतो त्याची भरपाई पुढल्या वर्षीं आपल्याच भाड्यांतून होते. मग काळजीनें चालविलेल्या यंत्राचें भाडें दिलेलें काय वाईट?

ज्या सोसायट्यांनीं स्वतः असें यंत्र घेतलें आहे त्यांस आमची आणखी एक सूचना आहे. चालकाचें बक्षीस त्यानें किती तास यंत्र चालविलें यावर न ठेवतां, यंत्र किती दिवस न अडतां चाललें यावर ठेवावें. यंत्राबरोबर एक वही असावी व तींत ग्रीस, तेल, गळती, पिनांचा खडखडाट यांची रोज नोंद व्हावी. नवा चालक आला तर पहिले आठ दिवस त्यास मोकळ्या पडीक जमिनींत जुन्या हाताखालीं शिकूं द्यावें. नव्या बैलास प्रथम मोकळ्या गाडीस जुंपून मग ओझ्याला लावावें, ही आपल्या वाडवडिलांची रीत होती. लक्षावधि रुपयांच्या यंत्राबाबत आपण तेवढाहि धीर धरूं नये, हें नवल आहे.

असो. यंत्र आलें म्हणून काळजी संपली, असें कधींच घडत नाहीं. काळजीचें ठिकाण मात्र बदलतें. पूर्वीं ती बैलाच्या खांद्याची होती, आतां पिनेची व तेलाची आहे. पुढल्या उन्हाळ्यांत आपल्या शेतांत खोदयंत्र येईल, तेव्हां बांधावर उभे राहून ‘उरका’ म्हणण्यापूर्वीं वाचकांनीं क्षणभर त्याचा आवाज ऐकावा. तो किंचाळत असेल, तर चालकास हात आंखडता घेण्यास सांगण्याचा अधिकार जसा त्यांचा आहे, तसें तें त्यांचें कर्तव्यहि आहे.